सुकटीतले निळे धागे

बाबा, आज सुकट निवडताना इतकी किळस आली की दुपारी घास तोंडापर्यंत नेववेना. तुमच्याच खोपोलीच्या गाळ्यात, तुमच्याच सुपात. पावसाळ्याआधीची आगोटीची खरेदी चालू आहे. वाडीवरची एक बाई दरसाल चार महिन्यांची सुकट एकदम नेते. तिने मूठभर सुकट हातावर घेतली आणि त्यातून प्लास्टिकच्या गोणीचा निळा धागा ओढून काढला. मग दुसरा, तिसरा. म्हणाली, "ताय, ह्ये बी दर्यातच मिलतं काय गं? पोरं खातात आमची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमची रीत आठवते. संध्याकाळी गाळा झाडला की बोंबलांची डोकी, चुरा, सगळं टोपलीत भरून तुम्ही पुलावरून पाताळगंगेत सोडायचात. मी नऊ वर्षांची असताना एकदा आळस करून टोपली उकिरड्यावर उपडी केली, तर भर बाजारात खडसावलंत, "दर्याचा माल उकिरड्यावर टाकतेस? नदी नेल त्याला घरी." समुद्र मी पाहिलाही नव्हता. पण तुम्ही त्याचं देणं लागता, एवढं तेव्हा कळलं.

तुम्ही गेलात तरी मी रीत मोडली नाही. तुमच्या वेळी माल तागाच्या पोत्यांतून यायचा, आता निळ्या गोण्यांतून येतो. गोण्यांच्या चिंध्या, पिशव्या, सुतळ्या चुऱ्यातच असतात, वेगळं कोण करत बसतंय? पुलावर माझ्याआधी चार जण आपापल्या पिशव्या घेऊन उभेच असतात. खाली फेस, कुबट वास, झुडपांना लटकलेली लक्तरं. तेच खाडीत जातं, जाळ्यात येतं, मासळीबरोबर वाळतं आणि टेंपोतून माझ्या दारात उतरतं. ते मी तोलून लोकांच्या लेकरांना घालते. परवा शाळेची मुलं समुद्र वाचवा म्हणत बाजारातून गेली, तर मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. शी! ज्याच्यावर आपल्या दोन पिढ्या जेवल्या, त्याच्याच तोंडात घाण कोंबायची आणि वर टाळ्या. मासळी अशीच नासत गेली तर हा गाळा बंद होईल, आणि झाला तर बरंच होईल, असंही आज वाटून गेलं.

त्या बाईला सुकट दिली, धागे वेचून. तिने विश्वासाने नेली. हे पत्र सुपाखाली ठेवते आहे, पाठवायचं तरी कुठे? एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सवयीने पुलावर गेले, टोपली झटकली. सुकटीतून वेचलेले ते निळे धागेही तिच्यातच होते, बाबा.