लांबचं ठेवा, डॉक्टरसाहेब

ती.स्व. वैजनाथमामा यांना मोरबीहून हरिओमचा दंडवत. (पायावर डोकं ठेवलंय असं समजा. पाय तुमचेच आहेत ना, एवढी खात्री करून घ्या. का, ते पुढं येईलच.)

मामींचे गुडघे कसे आहेत? औशात थंडी पडली का? मी इथं टाइल्सच्या कारखान्यात मजेत नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "ऐक, ऐक" म्हणता आणि मग मीच ऐकत बसतो. पत्राला मधी बोलता येत नाही, म्हणून अंदाजानं, मोठ्या अक्षरात लिहून राहिलो. सातवी सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर मास्तरला बोला.

सव्विसाव्या वर्षी कुणाला मोतीबिंदू होतो का, असं सगळा औसा मला विचारतो, जसं काही मी तो हौसेनं मागवला. डोळे खाजायचे तेव्हा मेडिकलमधले थेंब तुम्हीच आणून दिले, 'माझे डोळे यानंच बरे झाले' म्हणून. मी तीन वर्षं घातले. नांदेडच्या डॉक्टरनं ती बाटली बघून 'मोतीबिंदू यानंच झाला' म्हणत कपाळाला हात लावला, तेव्हा तुम्ही चहाला गेले होते. पण मोक्याला बरोबर परत आले. दोन्ही डोळ्यात नवीन भिंग बसवायचं ठरलं आणि डॉक्टरनं मला विचारलं, (मला, मामा) बिगरचष्म्याचं लांबचं दिसायला पाहिजे का जवळचं? दोन्हीतलं एकच मिळंल. मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही सांगून मोकळे. "लांबचं ठेवा, डॉक्टरसाहेब. गड्याला जवळचं काय बघायचं असतंय?"

तर आता कारखान्याच्या गेटवर कोण बिडी ओढतोय ते मला दिसतं, ताटातली भाजी कशाची ते दिसत नाही. टाइलवरचा तडा शोधायचं माझं काम. तडा बघायला मी दहा पावलं मागं सरकतो आणि मुकादम म्हणतो, हा कामापासून पळतो. दिवे लागले की एकेका दिव्याभोवती कडं पडतं. डॉक्टर म्हणाले होईल हळूहळू कमी. मोरबीत दिवे किती आहेत ते त्यांनी कुठं बघितलंय. चष्मा लावला की जवळचं झ्याक दिसतं, हे खरं. पण तो चष्मा कुठं आहे?

उमरीला पोरगी बघायला गेलो, त्या दिवशी दारातच तुम्ही तो माझ्या नाकावरनं काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. ऑपरेशनचं कळलं तर पोरगी देत नाहीत म्हणाले. मामा, मला हातभरावरचं नुसतं धुकं. पोह्यातला मिरचीचा तुकडा मी वाटाणा समजून चावला, डोळ्यात पाणी आलं, तर तुम्ही सांगितलं पोरगा हळव्या मनाचा हाय. मग म्हणाले, मान खाली घाल आणि ओळीनं सगळ्यांच्या पाया पड. निघालो. पांढरं धोतर, पांढरा पायजमा, लाल लुगडं, परत पांढरं धोतर. शेवटी एक हिरवी साडी आली. तिच्याही पायावर डोकं ठेवलं आणि आशीर्वादाची वाट बघत तसाच थांबलो. आशीर्वाद काही येईना.

ते पाय ऋतुजाचे होते. जिला बघायला आलो तिचे.

तिचे आजोबा रामकिशनराव म्हणाले, "असू द्या. लग्नानंतरचं काम पाव्हण्यानं आधीच उरकलं." आणि तुम्ही काय म्हणाले? आमच्या घरात बाईमाणसाला देवी मानतात. (हे वाक्य मामींना जरूर वाचून दाखवा.)

आता उमरीत म्हणून राहिले की पोरगा डोक्यानं जरा मागं हाय. येळवशीचा सण झाल्यावर कळवतो म्हणालेत, म्हणजे नाहीच कळवणार. माझं डोकं जाग्यावर आहे मामा, भिंगं तेवढी लांबची आहेत. आणि मला हीच पोरगी करायची आहे. रिक्षात बसल्यावर मागं वळून बघितलं तर ती गच्चीवर उभी. शंभर पावलांवरनं मला तिच्या कानातल्या रिंगासुद्धा दिसल्या. हात करत होती. म्हणून हात जोडून सांगतो, उमरीला जा, डॉक्टरचा कागद दाखवा आणि एकदा तरी खरं बोला.

मामींना नमस्कार. थेंबांची बाटली घरात असेल तर फेकून द्या.

तुमचा भाचा
हरिओम

ता.क. उमरीला जाऊ नका. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ऋतुजाचाच फोन आला. पाया का पडले, म्हणून सरळ विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. लई वेळ हसली. मग म्हणाली, तिचाही चष्मा त्या दिवशी आत्यानं काढून कपाटात ठेवला होता. तिला जवळचं दिसतं, लांबचं नाही. गच्चीवरनं ती मला नाही, समोरच्या घरावर वाळत घातलेल्या सदऱ्याला हात करत होती.

आणखी ता.क. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी परत बोलावलंय. घरच्यांना तिनंच तयार केलं. अट एकच, दोघांनीही चष्मा घालून बसायचं, मगच ती हो का नाही ते सांगणार. इथल्या बाजारातला चष्मा घेऊन बघितला, त्यानं जमीन वर येते. माझा अजून तुमच्याकडंच आहे. (मामी म्हणाल्या, तो लावून तुम्ही पेपर वाचता.) त्या दिवशी सकाळी तो घेऊन नांदेड स्टेशनवर या, माझ्या हातात द्या आणि तिथनंच औशाला परत फिरा. या खेपेला गड्याला जवळचं बघायचं हाय.