दोन ओळींची रिकामी जागा

३ ऑक्टोबर १९९६

वही, रागावू नकोस. अक्षय्य तृतीयेनंतर तुला उघडलंच नाही. कारण? आळस. दुसरं काही नाही.

पण आज लिहायलाच हवं — डॉक्टरांनी मला काम दिलं! (नवऱ्याला डॉक्टर म्हणायची सवय लग्नापासूनची. ती वहीतही आली.) माजलगावात दोन वर्षांत जनावरं बदलली. पूर्वी आमच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या, बैल. आता मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या घराघरांत पांढरी झुबकेदार कुत्री. त्यांना काय खाऊ घालायचं, कुणालाच ठाऊक नाही. औषध कंपनीचा माणूस गुळगुळीत इंग्रजी पत्रकं ठेवून गेला. लोक त्यांनी वारा घेतात!

डॉक्टर म्हणाले, "तू मराठीत लिही. एकाच पानात."

मी इतिहासाची बी.ए. जनावरांच्या दुखण्यावर लिहिणारी मी कोण? इथं छापलेलं सगळं खरं मानतात. मी चुकले तर ते घराघरांत चुकतील.

५ ऑक्टोबर

दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून नुसतं ऐकलं. किती कळतं बसल्या बसल्या! किराणावाले सिद्धारामशेठ कुत्र्याला रोज पेढा देतात. "आमी खाताना ते तोंडाकडं बघतं. न्हाई कसं म्हनावं?" डॉक्टर म्हणाले, "शेठ, तुमाला साखर झालीच हाय, आता त्याला करा."

नाक गरम म्हणजे ताप — हे खोटं निघालं. मीही इतकी वर्षं खरंच मानत होते. आणखी काय काय खोटं मानते कोण जाणे.

एका कुत्र्याच्या घशात कोंबडीचं हाड अडकलेलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं, चिमट्यानं काढलं. दोन मिनिटं!

८ ऑक्टोबर

मजकूर चौथ्यांदा लिहिला. डॉक्टरांनी सगळीकडचं 'कदाचित' खोडलं. "लोकांना काय करायचं ते सांग. तुझी शंका तुझ्याकडं ठेव."

११ ऑक्टोबर

मुबीनच्या छापखान्यात गेले होते. शिशाचे खिळे जुळवताना त्याला उलटी अक्षरं सरळ वाचता येतात. मी वाचून पाहिली — तिसऱ्या शब्दाला अडखळले.

"भाभी, खाली दोन ओळींची जागा खाली ऱ्हायली. गुलाबाचं फूल टाकू? लग्नपत्रिकेतलं हाय."

कुत्र्यांच्या पत्रकावर गुलाब! हसू आलं. मग तिथंच उभ्यानं लिहून दिलं: 'कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यास तोंड उघडून आत पाहावे व बोटाने काढावे.' बरोब्बर दोन ओळी. डॉक्टर धर्मापुरीला अडलेल्या गायीकडं गेलेले. एवढ्याशासाठी कुठं थांबायचं?

१४ ऑक्टोबर

पत्रकं आली. शाईचा वास अजून बोटांना आहे. एका बाईनं उभ्या उभ्या पूर्ण वाचलं! वारा घेतला नाही.

२२ ऑक्टोबर

आजचं सगळं नीट लिहिते.

स्टँडवर सीताफळं विकणारा कय्युम सकाळी त्याच्या बादलला घेऊन आला. गाडीखाली बसून राखण करणारं साधं गावठी कुत्रं. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, भुंकायला गेलं तर घोगरा आवाज.

"डागदरसाब, हाड अडकलंय. काल कागदात लिवलं तसं केलं. अनिसानं वाचून दावलं." अनिसा म्हणजे त्याची बायको. "पार आतपर्यंत हात घातला. काईच न्हाई लागलं."

डॉक्टर दोन पावलं मागं सरले. "कोणत्या कागदात?"

कय्युमनं खिशातून घडी काढली. डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचलं. माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मी."

मग डॉक्टरांनी कय्युमला विचारलं, "हात कुणी घातला?"

"मीच की."

"साबण आण," मला म्हणाले. पंधरा मिनिटं त्याचे हात धुवायला लावले. बादलला मागच्या गोठ्यात साखळीनं बांधलं. कय्युमला आजच बीडच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. पोटात चौदा सुया.

तो गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले. कुत्रं पिसाळलं की दर वेळी चावत सुटत नाही. कधी जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हाडच अडकलं! "माणसं हात घालतात आणि लाळ हाताला लागते. चावा नाही, म्हणून सुईही घेत नाहीत. आणि एकदा रोग उठला की औषध नाही." मग इतकंच — "मला विचारायचं होतंस."

हो. विचारायचं होतं.

२५ ऑक्टोबर

बादल गेला. डॉक्टर म्हणाले, आता शंका नाही.

२६ ऑक्टोबर

पत्रकं परत गोळा करतेय. मिळेल त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी काळ्या करते. सिद्धारामशेठच्या दुकानात एकाची हळदीची पुडी झालेली. "वहिनी, एवढं चांगलं छापलेलं कावून खोडता?" चुकलंय म्हणाले. ते म्हणाले, "छापलेलं कसं चुकंल?"

कय्युम रोज न चुकता बीडला जातो. स्टँडवर दिसला. पोटावर हात ठेवून हसला. "फुकटचं टोचून घेतोय, भाभी!" मला हसता आलं नाही.

२८ ऑक्टोबर

कय्युमच्या घरचा कागद राहिला होता. संध्याकाळी गेले. अनिसानं चहा ठेवला. कागद देताना म्हणाली, "यांचा पंजा कुठं मावतो त्याच्या तोंडात? यांनी नुसतं मानेला धरलं. हात माझा. बायकोला पुढं केलं म्हणून लोक हसतील, तर मीच म्हणाले, तुमचं नाव सांगा."

तिच्या मनगटावर बांगडी फुटून ओरखडा. सात दिवसांचा. खपली धरलेली.

उद्या: पहिल्या एसटीनं अनिसाला बीडला नेणे.