आसरांच्या दगडावरची हळद

२ जानेवारी, शुक्रवार. सुरत.

आसरांची हळद लाल झाली! चैतालीचा फोन आला तेव्हा मी डबा खात होतो. बहीण माझी, बारावीला आहे, उगाच थापा मारत नाही. आई दर मंगळवारी-शुक्रवारी ओढ्यावर जाते. काठावर सात दगड आहेत, त्या आमच्या आसरा, पाण्याच्या देवी. ओढ्याचंच पाणी घालायचं आणि हळद-कुंकू लावायचं. एरवी उन्हं वर आल्यावर जाते. आज कांदे लावायला जायचं होतं म्हणून उजाडतानाच गेली. हळद लावली आणि बघता बघता सातही दगड लाल! कुंकू लावायच्या आधीच!

अख्खी वाडी गोळा झाली. कुणी म्हणे देवी कोपल्या, कुणी म्हणे पावल्या. नारळ फुटले.

मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

३ जानेवारी

डोक्यातून जाईना. मी इथं मिलमध्ये कापड धुवायच्या मशीनवर. कॉस्टिकचं, म्हणजे कडक सोड्याचं, गरम पाणी. कापड निघालं की वॉल्व फिरवायचा, पाणी गेलं, आपण मोकळे. मागं एकदा शर्टावर डाळ सांडली, वरून कॉस्टिकचा शिंतोडा उडाला — पिवळा डाग लालभडक! अरसलान ओरडला होता, "अबे, तेरा तो खून निकला!" अरसलान मालेगावचा. एकाच खोलीत राहतो आम्ही.

आईला फोन केला. "आई, देवी-बिवी काय नाय. पाण्यात कॉस्टिक हाय. सोडा लागला की हळद लाल होती."

ती म्हणाली — "आरं हो की! लग्नात लुगड्याला हळद लागती, साबण लावला की लालच होती! एवढी म्हातारी झाले आन् डोक्यात नाय आलं."

मग म्हणाली, "पण ओढ्यात सोडा आला कुठून, परफुल?"

ती पण जाणते, मी पण जाणतो. वरच्या अंगाला केमिकलची पिंपं सोड्यानं धुवायची कंपनी आहे. आणि ओढ्याला लागून वाडीची विहीर. सगळी वाडी तेच पाणी पिते.

५ जानेवारी

सावळीराम मामा त्याच कंपनीत वॉचमन. आईला येऊन सांगून गेला — "कुसाताई, नारळ फोड, हळद लाव, पण कंपनीचं नाव काढू नको. माझी नोकरी जाईल."

मी मामाला फोन लावून चांगलाच झापला. "डोळ्यांदेखत सोडतात आन् तुम्ही गेटवर सलाम ठोकता? पोटासाठी गावाला इख पाजता व्हय?"

मामा म्हणाला, "लांबून बोलाया तुझं काय जातं?" फोन कट!

बरं केलं मी. लय बरं वाटलं.

१२ जानेवारी

आईचं डोकं बघा! आता रोज उजाडताना दगडावर हळद. पिवळीच राहिली तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर हळदीचा ठिपका. लाल झाली तर कुंकवाचा. चैताली शेजारी उभी राहून फोटो काढते. आई म्हणते, "तारखेबिगर कोण ऐकत नाय. आपण म्हणतो पाणी घाण, ते म्हणतात कवा? मग आपलं तोंड बंद."

तिसरी शिकलेली बाई!

मी सातवी नापास. दोन वर्षांत चार कामं सोडली, कुठं बूड टेकत नाही. ही वही मात्र सोडली नाही. आईवरच गेलो असेन.

२० जानेवारी

ठिपके बोलायला लागले! कुंकू फक्त सोमवारी आणि शुक्रवारी. बाकी दिवस हळद.

आता नऊ घरच्या बायका येतात सकाळी. ज्यांनी नारळ फोडले त्याच! एक म्हणाली म्हणे, "देवीनंच दाखवलं, कुसाबाई." आई म्हणाली, "दाखवलं तिनं. सांगायचं आपल्याला हाय."

मी मिलमध्ये सगळ्यांना कॅलेंडरचा फोटो दाखवला. दोनदा.

२६ जानेवारी

आज ग्रामसभा! चैतालीनं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला. इथं मी आणि अरसलान एका खाटेवर.

आई उठली. पदर खोचला. सरपंच म्हणाले, "कुसाबाई, देवाचं देवळात. सभेत कशाला?"

"देवाचं नाय हो सरपंच. प्यायचं हाय."

दोन बाटल्या टेबलावर. एक शुक्रवारची, एक रविवारची. दोन्हीत चिमूट चिमूट हळद. रविवारची पिवळी. शुक्रवारची लाल! मग म्हणाली, "ज्याला अजून देवीचा चमत्कार वाटतो, त्यानं तीर्थ म्हणून लाल घोटभर घ्यावं."

कोण पुढं येईना! मागं कुणीतरी फिसकन् हसलं, मग सगळी सभा. अरसलान खाटेवर उडाला — "खाला तो वकील निकली रे!"

पण खरं पुढंच. सावळीराम मामा उभा राहिला. अंगात कंपनीचा शर्ट. म्हणाला, "सोमवारी आन् शुक्रवारी, सकाळी पाचच्या पुढं सोडतात. मी गेटवरून बघतो. माझं नाव टाका."

ठराव झाला. प्रदूषण मंडळाला अर्ज, खाली सह्या आणि अंगठे, सोबत सगळे फोटो. शुक्रवारीच या, उजाडायला या, असं आईनं मुद्दाम लिहायला लावलं.

छाती फुगली माझी. मामाला काय काय बोललो होतो ते आठवलं.

२७ जानेवारी

मामाला फोन केला. माफी मागायची होती. तो कांद्याबद्दलच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "आरं, तू बोलला म्हणून झोप नाय लागली. चांगलं झालं."

३० जानेवारी

अरसलाननं जेवताना विचारलं, "भाई, अपने मिल का पानी किधर जाता?"

"टाकीत जात असंल, साफ व्हायला," म्हणालो.

"देखा क्या तूने?"

"जेव ना गप!"

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आले! मंडळाचे साहेब उजाडायला ओढ्यावर हजर. बायका आधीच दगडापाशी. हळद लाल झालेली साहेबांनी डोळ्यांनी बघितली, बाटल्या भरल्या, सील केल्या, वर कंपनीत गेले. पिंपं धुवायचं काम आजपासून बंद ठेवायला लावलंय, तपासणीचा निकाल येईपर्यंत.

साहेब घरी पण आले. कॅलेंडर मागत होते. आई म्हणाली, "फोटो काढा. कॅलेंडर नाय मिळायचं, अजून अख्खं वर्ष जायचंय." साहेब हसले, फोटो काढला. वाडीत पेढे वाटले.

मामाची नोकरी गेली. दुपारीच. आईला म्हणाला, "ताई, सोमवारपासून कांद्याला मी पण येतो." वर म्हणे, आता शुक्रवारी उजाडताना ओढ्यावर हात धुतला तरी चुरचुरायचा नाही.

सगळ्या मिलमध्ये सांगत सुटलो — माझी आई! माझा मामा!

९ फेब्रुवारी, सोमवार

पाळी सुटल्यावर मिलच्या मागं गेलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. टाकी नाही. नुसता पाइप, खाली खाडी. चार पावलांवर एक बाई भांडी घासत होती. घरची हळद खिशात होती. दगडावर चोळली, पाइपाचं पाणी घातलं.

लाल.

वॉल्व मीच फिरवतो.

आईला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "तारीख लिवली का?"

वर लिहिलीय.