बिनतिखटाचं पातेलं

१४ जुलै २००५, मुळशी

मेसात एका पोरासाठी छोट्या पातेल्यात रोज बिनतिखटाची खिचडी वेगळी शिजती, अन् भांडी घासणाऱ्या मला मात्र तीच तर्री. आज परत आचारीमामाला म्हणलो, "मामा, माझ्याबी पोटात आग पडती. त्या छोट्या पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त टाका की."

मामा म्हणला, "तुझी डॉक्टरची चिठ्ठी कुटं हाय? नखरे नको. भांडी घास."

चिठ्ठी सतरा नंबरच्या खोलीतल्या पोराची हाय, मेसच्या भिंतीला चिकटवलेली. तिखट नको, तेल नको. आतडं नाजूक म्हणे. त्याची आई रोज मॅनेजरला फोन करून विचारती, खिचडी मऊ होती का. माझ्या आईला मीच सांगून ठेवलंय, कॉलेजच्या मेसात लई भारी खायला मिळतं.

संध्याकाळी तर्रीचा डाव हातात धरूनच त्या पातेल्याचं झाकण उचललं. ओतला असता तर त्यालाबी कळलं असतं, रात्रभर संडासाला पळणं काय असतं. ओतला न्हाई. उभ्याउभ्या अर्धी खिचडी खाल्ली.

पोरगं ताट घेऊन आलं. "दादा, आज एवढीच?"

"तेवढीच असती," म्हणलो.

त्यानं गप खाल्ली, वर थँक्यू म्हणला. त्याचाच राग जास्त आला.

आता लिहितोय तर पोट शांत हाय. किती महिन्यांनी. म्हणजे नखरे न्हाईत, दुखणं खरं हाय. परवा पौडला डॉक्टरकडं जातो. चिठ्ठी आणून त्याच्या चिठ्ठीशेजारीच चिकटवतो. दोनशे तरी लागतील. आईला काय सांगू? जेवण भारी म्हणून सांगितलेलं. काहीच सांगत न्हाई. दर महिन्याला घरी बाराशे जातात, या महिन्यात हजार पाठवतोय.