मासोळ्या काहून मेल्या

१२ सप्टेंबर १९६३

शेतकी खात्याच्या कामानं पातूरकडच्या एका गावी जाऊन आलो. बौद्धपुऱ्यातल्या पंचफुलाबाईच्या तीन बकऱ्या मेल्या. मोठ्या साहेबांचा संशय विहिरीवर — कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात झिरपलं असेल! पुऱ्यात ही एकच विहीर. बाटलीला दगड बांधला, गोदामातला दोर लावला, नमुना घेतला. काठाची माती वीतभर खालून, मग हातभर खालून — वेगळ्या पुड्या. सगळं सूचनापत्रकाबरहुकूम.

पंचफुलाबाई मागेमागे. "बकऱ्या महादेवरावच्या पऱ्हाटीत शिरल्या होत्या साहेब. तिथं फवारा मारला होता. विहिरीचं काय घेऊन बसले?"

म्हटलं, बाई, मला काम करू द्या.

१३ सप्टेंबर

मोर्णा नदीतल्या मासोळ्या आणल्या. एका बरणीत विहिरीचं पाणी, दोनांत नदीच्या पाण्यात माती कालवून निवळलेलं, चौथीत नुसतं नदीचं. दुपारपर्यंत विहिरीच्या बरणीतल्या सगळ्या उलट्या! बाकीच्या मजेत.

१४ सप्टेंबर

विहिरीवर फळ्या ठोकल्या. पंचफुलाबाई म्हणाली, "आता पानी कुठून आनू? महादेवरावच्या विहिरीत आमाले कोनी दोर टाकू देते का?"

बसची वेळ झाली म्हणून निघालो. खोटं! बसला तास होता.

१६ सप्टेंबर

माती चांगली अन् पाणी विषारी. मग विष आलं कुठून — आभाळातून? साहेबांना विचारलं तर "जास्त डोकं चालवू नका." चालतंच कुठं आहे!

१८ सप्टेंबर

ताडून पाहायला तेच सामान घेऊन घरच्या विहिरीचा नमुना घेतला. मासोळ्या मेल्या!! बायकोच्या, आशाच्या हातातला पेला हिसकला. "काय भूत शिरलं तुमच्यात?" म्हणाली.

१९ सप्टेंबर

बाटल्या अर्धा तास उकळल्या. पुन्हा नमुना. पुन्हा मेल्या. काही म्हणता काही कळत नाही.

२० सप्टेंबर

आशा वैतागली. स्वतःच्या बादलीनं पाणी काढलं, माझ्यादेखत बरणीत ओतलं. "घ्या! मी पिऊन राहिली, तुमच्या मासोळ्याही पितील."

संध्याकाळ झाली. जिवंत! विहीर तीच. बाटल्या तर उकळलेल्या. मग उरलं काय?

दोर.

२१ सप्टेंबर

गोदामात गेलो. चपराशी देवमन म्हणतो, "तो दोर औषधाच्या डब्याखालीच पडून असते. एक डबा गळते ना."

"काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

पत्रकात लिहिलंय — दर विहिरीला धुतलेली बाटली. दोराबद्दल एक अक्षर नाही. पण बकऱ्या फवारलेल्या पऱ्हाटीत शिरल्या, हे पंचफुलाबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! गाढव आहे मी. आठवडाभर त्या बाया तहसीलच्या रस्त्यानं दोन कोस पाणी वाहताहेत, माझ्यामुळे.

साहेब म्हणाले, "अहवाल वर गेला. आता गप्प बसा." नोकरी अजून कच्ची आहे. आशाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग बसा गप्प." अन् आत गेली.

२२ सप्टेंबर

जेवण गेलं नाही.

२३ सप्टेंबर

साहेबांना न विचारता गेलो. पहारीनं फळ्या मीच उचकटल्या. पुऱ्यासमोर सगळं सांगितलं — दोर, डबा, माझी चूक. पिशवीतून कोरा दोर काढला अन् नमुन्यासाठी वाकलो, तर पंचफुलाबाईनं हात आडवा धरला.

"बाटली द्या इकडं. दोर आमचा, मी सोडते. तुमी आमच्या विहिरीले शिवू नका, साहेब."

मी बाजूला सरलो.