पापणीचे उलटे केस

३ मार्च
पापण्यांचे केस आत वळलेत. प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडतात. आज भाता ओढता ओढता वाटलं, नवऱ्याची सांडशी घ्यावी आणि डोळाच उपटून भट्टीत टाकावा!

११ मार्च
डोळ्यांच्या शिबिराला गेले. नर्सबाईने पापणी उलटून बघितली — "केस कुठे टोचतात? दिसत नाहीत." दिसणार कसे! काल नणंदेने चिमट्याने एकूण एक केस उपटला. "डॉक्टरांपुढे असे डोळे घेऊन जाऊ नकोस, वहिनी." मीही मुकाट मान वर करून बसले. दोघींची अक्कल चरायला गेली होती. केस वाढले की ये, नर्सबाई म्हणाली. ऑपरेशनला नेणारी पुढची गाडी मे महिन्यात. तशी चिठ्ठी दिली.

घरी येऊन चिमटा ऐरणीवर ठेवला आणि ठेचला.

२ एप्रिल
केस परत आले. आधीपेक्षा राठ. नर्सबाईने बजावलं होतं, बुबुळ पांढरं पडलं की ऑपरेशन करूनही नजर यायची नाही. उजव्या डोळ्यापुढे आताच धूर आहे.

१९ एप्रिल
नवऱ्याने चिठ्ठी भट्टीत टाकली. "भाता कोण ओढणार? लोखंड लाल झालं हे कोण सांगणार?" मी म्हटलं, तुला डोळे नाहीत? — थोबाडीत बसली. ओठ फाटला. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत. चिठ्ठी नसली तरी जाणार.

३० एप्रिल
तापलेला कोयता मी सांडशीने धरला होता. त्याने हातोडा माझ्या बोटांवर घातला. डाव्या करंगळीचा चुरा. मुद्दाम! मी जाऊ नये म्हणून!

४ मे
घण उचलला. त्याचं डोकंच फोडणार होते, खोटं कशाला लिहू. तो ऐरणीपाशी बसला होता, नेहमीसारखं फडकं भुवयांवर ओढून — धूर लागतो म्हणे. घण अगदी त्याच्या तोंडासमोर आणला. पापणी हलली नाही. "लाल झालं का गं?" एवढंच विचारलं त्याने.

घण खाली टाकला. फडकं ओरबाडलं. डावं बुबुळ पांढरंफटक, उजवं पांढुरकं. केस आत वळलेले, माझ्यासारखेच. माझे डोळे धड असते तर केव्हाच दिसलं असतं. "वर्ष झालं," म्हणाला. "आंधळ्या लोहाराकडे कोण येणार?" मग रडला. मला दया आली नाही. करंगळी ठणकत होती.

२१ मे
गाडीत एकच जागा उरली होती. "आधी कोण?" नर्सबाईने विचारलं. त्याने चाचपडत माझा हात धरला, नेमका मोडक्या करंगळीपाशी. "मी जातो," म्हणाला.

हात हिसडला. मी चढले.