वखारीवरचा फुगा

३ फेब्रुवारी, मंगळवार

फुगा आला. लाल आहे. फुगला की कपाटाएवढा होतो, असं खोक्यावर छापलं आहे.

साहेबांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे तुझं काम. मोबाइलचा टॉवर जिथे व्हायचा, तिथे आधी टॉवरच्या उंचीएवढ्या दोरीवर गॅसचा फुगा सोडून दाखवायचा, असा नवा नियम आहे. म्हणजे केवढं धूड डोक्यावर येणार ते आजूबाजूच्या लोकांना कळतं. ज्याला हरकत असेल त्याने ती तिथेच टेबलावर नोंदवायची. हरकती फार झाल्या तर टॉवर दुसरीकडे.

नियमावली घरी आणली. दोनदा वाचली. शाळा आठवीत सुटली तरी वाचायला मी घाबरत नाही. घाबरतो ते वाचून झाल्यावर.

टॉवर वखारीच्या आवारात व्हायचा आहे. म्हणजे वखारवाल्यांच्या! आता झोप कशी लागणार?

४ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सगळं सांगून टाकलं. वखारवाल्यांच्या धाकट्या मुलीशी माझ्या लग्नाची बोलणी चालली आहेत, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. साहेबांनी विचारलं, ठरलं का? नाही. मग नातं काय लागतं? अजून काहीच नाही.

"मग नसलेल्या नात्याची सबब सांगतोस?" असं म्हणून ते चहाला गेले.

खरं तर बोलणी चालली आहेत असंही म्हणवत नाही. वखारवाले आईला म्हणाले आहेत, आधी टॉवर उभा राहू दे, मग मुलांचं बघू. म्हणजे टॉवर मंजूर तर मी मंजूर.

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मी तिला दोनदाच भेटलो आहे. पहिल्यांदा माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. दुसऱ्यांदा मीच ढिला केला होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या फुगा. दोरी मोजली. पुन्हा मोजली. आई म्हणते, दोरी काय रात्रीतून वाढते?

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून वारा. नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे — वारा पडलेला असताना. साहेबांना पान उघडून दाखवलं. ते म्हणाले, वारा काय आपल्या कार्यालयात नोकरीला आहे, सांगितलं की पडायला? सोड फुगा.

सोडला. फुगा वर गेला आणि लगेच आडवा झाला. लाँड्रीच्या छपरावर असा लोळायला लागला की जणू तोही वाळत घातला आहे. फुग्याला मी धरलं आहे की फुगा मला ओढून नेतो आहे, तेच कळेना.

सगळी गल्ली बाहेर आली. निवृत्त हेडमास्तर दुर्बीण घेऊन आणि हरकतीचा कागद आधीच लिहून आले होते. त्यांनी आधी आभाळ धुंडाळलं. मग दुर्बीण खाली, आणखी खाली. शेवटी ती बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"एवढाच? आमची पाण्याची टाकी याच्याहून उंच आहे."

कागदाची घडी करून खिशात घातली. मग बाकीचेही पांगले. भांडायला म्हणून कामं टाकून आलेली माणसं जरा हिरमुसलीच. हरकत एकही नाही. वखारवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, हाताला यश आहे हं जावईबापूंच्या. जावईबापू! दोरी हातातून सुटता सुटता राहिली.

धाकटी फाटकात उभी होती. मी दोरी गुंडाळत असताना जवळ आली आणि हळूच म्हणाली, "वारा नसता तर कुठे असता हो हा फुगा?"

मी गुंडाळलेली दोरी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवण गेलं नाही. ओट्यावर लाटणं उभं धरून पाहिलं. टोक बरणीच्या झाकणाच्याही वर. तेच लाटणं तिरकं धरलं तर टोक बरणीच्या पोटाशी. लाटणं तेवढंच!

आई म्हणाली, ते जागेवर ठेव. मग तिला सगळं सांगितलं. लोकांनी जे पाहिलं ते टॉवरच्या निम्मंही नव्हतं, हे मला एकट्याला माहीत आहे. ती म्हणाली, हातातोंडाशी आलेला घास आहे, गप्प बस. थोड्या वेळाने पुन्हा आली.

"तुला गप्प बसता येणार आहे का?"

नाही म्हटलं.

"मग मला कशाला विचारलंस? जीव टांगणीला लावतोस नुसता."

९ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगितलं, दोरी सरळ नव्हती. ते म्हणाले, आपल्या कार्यालयात सरळ काय आहे, म्हणून दोरी सरळ हवी?

पण तोवर मी अहवालात लिहून टाकलं होतं. साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. लिहिण्याआधी विचारायचं असतं रे गाढवा, म्हणाले. आता कागदावर आलं म्हणजे त्यांचाही इलाज नाही. फुगा पुन्हा सोडायचा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वखारवाले घरी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आईला म्हणाले, "घरभेदी पुष्कळ पाहिले. पण घरात यायच्या आधीच घर फोडणारा हा पहिलाच."

बोलणी बंद.

आई भांडी घासत बसली. घासलेलीसुद्धा.

११ फेब्रुवारी, बुधवार

चष्म्याचे सगळे स्क्रू घट्ट आहेत. तपासले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पानही हलत नव्हतं. फुगा सरळ वर गेला. जातोय, जातोय, जातोच आहे. दोरी संपली तेव्हा लिंबाएवढा दिसत होता. हेडमास्तरांची मान जी वर गेली ती खाली येईना. आली तेव्हा थेट माझ्यावरच आली. आठवड्यात दोरी वाढवली म्हणाले! मी म्हटलं, सर, दोरी तीच आहे. ते म्हणाले, जन्मभर पोरांच्या थापा ऐकल्या, एवढी लांब पहिलीच.

मग रांग लागली. सलूनवाल्याचं म्हणणं, गिऱ्हाईक वर बघत बसेल आणि वस्तरा गळ्याला लागेल. लाँड्रीवाल्या मावशींच्या चादरींवर सावली पडणार. एकाची हरकत फुग्याच्या रंगाला होती. तीही लिहून घेतली, कारण हरकत कशाला घ्यावी हे नियमात सांगितलेलं नाही. एक गृहस्थ सकाळपासून फोनवरून हरकत कळवायला धडपडत होते. रेंजच मिळेना. शेवटी घामाघूम होऊन चालत आले आणि टॉवर नको म्हणून सही केली.

वखारवाले लांबूनच बघत होते. माझ्याकडे नाही, फुग्याकडे. धाकटी कुठेच दिसली नाही.

वखारीतला टॉवर रद्द. मीही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीने दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला. पत्ता वाचला. मग पुन्हा वाचला, कारण तो माझा होता. आमच्या घरामागची मोकळी जागा! खाली मालकिणीची संमती. आईची सही, अगदी ठसठशीत.

घरी येऊन विचारलं तर म्हणाली, भाडं चांगलं देताहेत. आणि आधी सांगितलं असतं तर तू लाटणं घेऊन बसला असतास.

साहेबांकडे पुन्हा गेलो. या खेपेला नातं आहे, चांगलं जन्माचं आहे. ते म्हणाले, ठीक, फुगा शिपाई सोडेल. पण हरकती तूच लिही, बाकी कुणाचं अक्षर मला लागत नाही.

संध्याकाळी वखारवाले आले. खुर्ची द्यायच्या आधीच बसले. मुलगा सरळ आहे हे आपण पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, म्हणाले. मध्ये जरा गैरसमज झाला. बोलणी पुढे न्यायची का?

आईने चहा दिला. साखर पुरेशी आहे ना विचारलं. आणि मग म्हणाली, आमच्याकडेही आधी टॉवर उभा राहू दे, मग मुलांचं बघू.

मी दारामागे उभा होतो. माझी हरकत कुणीच विचारली नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शिपायाने आमच्या घरामागे फुगा सोडला. वारा नव्हता. टेबल मांडतो तोच पहिली हरकत आली. धाकटी! हा टॉवर इथे नको, म्हणाली. मी नियम सांगितला. याच भागात राहणाऱ्यांची हरकत घेता येते, तुमचं घर हद्दीबाहेर आहे.

"लिहा," ती म्हणाली, "राहायला येणार आहे."

तक्त्यात तसा रकाना नाही. पट्टी घेतली आणि आखला.